आधी अळीची लांबी मोजा, मग पंपाला हात लावा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

«घरापुढे हिरवळीचा मोठा तुकडा आहे आणि कुंपणापलीकडे तीन गाईंसाठी राखलेलं कुरण. गेल्या आठवड्यात हिरवळीच्या कडेला पिवळट पट्टा दिसला. पाणी कमी पडलं असेल म्हणून दोन दिवस भरपूर पाणी दिलं, थोडा युरियाही टाकला. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर अर्धी हिरवळ तपकिरी! संध्याकाळी बूट घालून फिरले, तर पायाखाली अळ्याच अळ्या. आता त्या कुंपणाखालून कुरणाकडे निघाल्यात. यजमान म्हणतात, आजच्या आज जालीम औषध मारू. शेजारचे काका म्हणतात, रॉकेल शिंपडा, नाहीतर सगळं गवत उपटून नव्याने लावा. औषध मारलं तर गाई कुठे चारायच्या? हिरवळ मेली का? आणि एका रात्रीत हे झालं तरी कसं?»

ताई,

पिवळा पट्टा, पाणी, युरिया, बूट, काका, सगळं लिहिलंत. एक तेवढं राहिलं आणि नेमकं तेच मला हवं होतं: अळ्या केवढ्या आहेत? करंगळीच्या नखाएवढ्या, की करंगळीच्या दोन पेरांएवढ्या? तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका मापावर अडलेली आहेत. तेव्हा यजमानांच्या हातातला पंप आणि काकांच्या हातातला डबा, दोन्ही खाली ठेवायला सांगा. फार वेळ नाही, आज संध्याकाळपर्यंत.

एका बादलीत चार लिटर पाणी घ्या आणि त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन मोठे चमचे मिसळा. हे पाणी तपकिरी झालेल्या भागात ओतू नका, तिथे खायला काही उरलेलं नाही, त्यामुळे अळ्याही नाहीत. तपकिरी आणि हिरवं जिथे भेटतं तिथे, हिरव्या बाजूला, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन धरा आणि झारीने सावकाश ओता. मग उकिडवं बसून नुसतं बघत राहा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग वारा नसताना गवताच्या बुडाशी एक पातं हलतं. मग त्याच्या शेजारचं. साबणाने अंगाची आग झाल्यासारख्या अळ्या बुडातून वर येऊ लागतात आणि पात्यांवर वळवळत चढतात. पाच-दहा मिनिटांत लपलेल्या बहुतेक सगळ्या वर येतात. त्या मोजा आणि चार-पाच अळ्यांना पट्टी लावून लांबी बघा. हिरवळीत आणि कुरणात मिळून तीन-चार ठिकाणी हेच करा. काम झालं की साध्या पाण्याने तो चौकोन धुऊन टाका, कडक उन्हात साबणाने पाती करपतात.

एखादी अळी हातात घेऊन डोक्याकडेही बघा. चष्मा लागत असेल तर लावून बघा. कपाळावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीच्या अलीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके दिसले, तर ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. रंगावर जाऊ नका. हिरवी, तपकिरी, जवळजवळ काळी, अशा सगळ्या रंगांत ती सापडते. ‘लष्करी अळी’ हे तसं एकाच किडीचं नाव नाही. एका ठिकाणचं खाणं संपलं की फौजेसारखं पुढच्या ठिकाणी कूच करणाऱ्या बऱ्याच अळ्यांना ते लावलं जातं, आणि गवतावर येणाऱ्या तिच्या दोन-तीन भावंडांच्या बाबतीतही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. ही मात्र आता जगभर फिरलेली आहे. १७९७ मध्ये तिचं शास्त्रीय नामकरण झालं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं ती अमेरिका खंडांतच होती. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत सापडली, २०१८ मध्ये भारतात, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. मक्याच्या शेतकऱ्याला ती चांगलीच ठाऊक झाली आहे. हिरवळवाल्यांना ती अजून अचानकच भेटते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण इलाजाची किल्ली त्यातच आहे. एका रात्रीत हे झालेलं नाही. साधारण अडीच-तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री पतंग आले असतील. राखाडी-तपकिरी, दिव्याभोवती घिरट्या घालणारे, कोणी वळून बघणार नाही असे. मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते, वर स्वतःच्या अंगावरच्या केसांचं पांघरूण घालते आणि आयुष्यात अशी हजार-दीड हजार अंडी घालून जाते. गरम हवेत दोन-तीन दिवसांत ती फुटतात. बाहेर पडलेली अळी जेमतेम दोन मिलिमीटरची असते. ती पातं खात नाही, पात्याची खालची साल तेवढी खरवडते. वरचा पापुद्रा तसाच राहतो आणि पातं तेल लागलेल्या कागदासारखं आरपार दिसायला लागतं. तुम्हाला दिसलेला पिवळट पट्टा तो हाच. उभ्याने बघितलं तर तहानलेलं गवत वाटतं, गुडघे टेकून पातं उजेडात धरलं तरच खरं कळतं.

अळी सहा अवस्थांतून वाढते, उन्हाळ्यात त्याला दोन आठवडे लागतात. या दोन आठवड्यांतले पहिले दहा दिवस ती उपास असल्यासारखी खाते. जन्मभराच्या खाण्यातला चार पंचमांशाहून मोठा वाटा ती शेवटच्या दोन अवस्थांत, म्हणजे अखेरच्या काही दिवसांत फस्त करते. तुमची हिरवळ तीन दिवसांत गेली ती यामुळे. फौज आधीपासून तिथेच होती, तिला भूक आता लागली.

पाणी आणि युरियाबद्दल स्वतःला फार बोल लावू नका. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी असं झालं खरं, पण पिवळं गवत दिसलं की शंभरातले नव्वद जण पाण्याचा पाइपच उचलतात. पुढच्या वेळी एवढंच करा. पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून वर ओढून बघा. सतरंजीसारखं उचललं गेलं आणि खाली मुळं नसली, तर हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी किडीची अळी. मुळं घट्ट असून पाती वरून कुरतडलेली असली, बुडाशी हिरवट काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या असल्या, तर लष्करी अळी. पाती शाबूत पण सुरळी झालेली आणि पावलाचा ठसा उठून तसाच राहत असेल, तर तहान. आणखी एक खूण आहे. बगळे, साळुंक्या किंवा कावळे एकाएकी तुमच्या हिरवळीवर सभा भरवायला लागले तर त्यांना हाकलण्याआधी खाली वाकून बघा. त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

तर माप घेतलंत. आता त्यावरून ठरवू.

बहुतेक अळ्या दोन सेंटिमीटरच्या आत असतील, म्हणजे करंगळीच्या नखाच्या आसपास किंवा जेमतेम दुप्पट, तर फवारणीला अर्थ आहे. खरं नुकसान अजून व्हायचंय आणि ते तुम्ही थांबवू शकता. या वयात जालीम काही लागतही नाही. बीटी नावाचं जिवाणूजन्य कीटकनाशक येतं. ते पात्याबरोबर अळीच्या पोटात गेलं की तिचं खाणं बंद पडतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या तर घाबरून वर दुसरं काही मारू नका, खाणं थांबलंय का तेवढं बघा. बीटी उन्हात लवकर निकामी होतं आणि मोठ्या अळीवर फारसं चालत नाही. निंबोळी अर्काचंही तसंच, लहान अळीपुरताच. त्याहून खात्रीचं हवं असेल तर स्पिनोसॅड किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल. या दोन्हींत अळी लवकर खायची थांबते आणि मित्रकीटकांचं नुकसान जुन्या जालीम औषधांच्या मानाने कमी होतं. स्पिनोसॅड ओलं असेपर्यंत मधमाशांना घातक असतं, ते लक्षात ठेवा.

बहुतेक अळ्या तीन सेंटिमीटरच्या वर असतील, दोन पेरांएवढ्या लांब, जाड आणि सुस्त, तर माझं सरळ मत: हिरवळीवर औषध मारू नका. त्यांचं जेवण आटोपत आलंय. दोन-तीन दिवसांत त्या आपणहून जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोल जाऊन कोष करतील, तिथे फवारा पोचत नाही. एवढ्या मोठ्या अळीला मारायला औषधही जास्त लागतं आणि तरी पुष्कळ वाचतात. त्या वेळी मारलेलं औषध हा इलाज नसतो, सूड असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, एकदा मीही तो सूड घेतलेला आहे. भर दुपारी, रागाच्या भरात, हाताला लागलेल्या सगळ्यात उग्र औषधाने. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या सुपात गोळा करून मोजल्या आणि घरातल्यांना अभिमानाने दाखवल्या. चौथ्या दिवशी एकही अळी नव्हती. औषधाचा गुण आला म्हणून मी खूश. पण पलीकडच्या तुकड्यात, जिथे पंप संपला म्हणून फवारलंच नव्हतं, तिथेही चौथ्या दिवशी एकही अळी नव्हती. सगळ्या कोषात गेल्या होत्या. फवारलेल्या भागात त्या सुपात अळ्यांबरोबर काळे चकचकीत भुंगेरे आणि कोळीही होते, ते मी त्या दिवशी मोजले नाहीत. महिन्याने दुसरी पिढी आली तेव्हा तिला खाणारं त्या तुकड्यात कोणी उरलेलं नव्हतं.

मोठ्या अळ्या असताना फवारण्याला दोन अपवाद मी मानते. एक, हिरवळ नुकतीच लावलेली असेल, मुळं धरून महिना-दीड महिनाच झाला असेल, तर ती असा मार सोसत नाही. दोन, फौज नव्या हिरव्या भागाकडे चालून जात असेल. तुमच्या कुरणाच्या बाबतीत हा दुसरा अपवाद लागू पडतो, त्याकडे येतेच.

लहान-मोठ्या मिसळलेल्या असतील, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा तसंच असतं, तर जास्त कोण आहेत ते बघून ठरवा. मात्र संख्याही बघा. साधारण हिशेब असा की चौरस फुटाला दोन-तीन, म्हणजे चौरस मीटरला वीस ते तीस अळ्या असतील तर काही करायची वेळ आलेली आहे. चौकोनात पाच-सात निघाल्या तर पंप परत खोलीत ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा.

फवारायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी गवत कापा आणि कापलेलं गवत उचलून घ्या, म्हणजे औषध खालपर्यंत जातं आणि फुललेली तणंही निघून जातात, त्यांच्यावर मधमाशा येणार नाहीत. मग ऊन कलल्यावर, संध्याकाळी फवारा. अळी सकाळी लवकर आणि दिवस मावळताना खायला वर येते, दुपारी ती बुडाशी गारव्यात पडून असते. माझी दुपारची फवारणी त्या अर्थानेही वाया होती. नंतर दोन-तीन दिवस कापणी नाही आणि पात्यावर राहून काम करणारं औषध असेल तर दिवसभर पाणीही नाही. दाणेदार औषधांचं उलट असतं, ती टाकून वर पाणी द्यावं लागतं. म्हणून लेबल वाचा. दुकानदाराने तोंडी सांगितलेला डोस नव्हे, लेबलावरचा. मुलं आणि कुत्रं-मांजर गवत पूर्ण सुकेपर्यंत आत. जवळ तळं किंवा माशांची टाकी असेल तर पायरेथ्रॉइड गटातलं काही वापरूच नका, माशांना ते अतिशय विषारी असतं. आणि एकदा जे वापरलं तेच पुन्हापुन्हा नको. या अळीने बऱ्याच औषधांना दाद न देण्याची सवय जगभर लावून घेतली आहे.

काकांना माझा नमस्कार सांगा आणि रॉकेल परत ठेवायला सांगा. त्याने गवत जळतं, मातीतले जीव मरतात आणि अळी मात्र बुडाशी सुरक्षित राहू शकते. गवत उपटायचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण ते बहुधा जिवंत आहे. पण काकांकडे कोंबड्या असतील तर त्या मागून घ्या, बदकं असतील तर उत्तमच. संध्याकाळी तासभर मोकळं सोडलं की ती अळ्या वेचून खातात. मात्र ही पाहुणी फवारणीच्या आधी बोलवायची, नंतर नाही.

आता कुरण, इथे तुम्हाला घाई आहे. हिरवळ ही शेवटी शोभा, कुरण म्हणजे गाईंचं पोट. कुंपणाच्या कडेने कुरणात आत जा आणि दहा-दहा पावलांवर तीच साबणाची परीक्षा करा. अळ्या फक्त कडेच्या पट्ट्यात असतील आणि आत नसतील, तर सगळं कुरण फवारायचं कारण नाही. कडेचा पट्टा आणि त्याच्या पुढचा थोडा स्वच्छ भाग एवढंच फवारा. त्याहून जुना एक उपाय आहे. चालून येणाऱ्या फौजेच्या वाटेत आडवा चर खणायचा, कुरणाकडची भिंत अगदी उभी आणि मोकळ्या मातीची ठेवायची. अळी चरात उतरते, पण सुटी माती ढासळत असल्याने उभ्या भिंतीवर तिला चढता येत नाही. सकाळ-संध्याकाळ जाऊन चरातल्या अळ्या चिरडायच्या. कष्ट आहेत, पण तुमच्यासारख्या एका कुंपणापुरत्या आघाडीला ते जमण्यासारखं आहे आणि गाईंना त्याची झळ लागत नाही. अळ्या आधीच आतवर पसरल्या असतील तर चर खणण्यात दम घालवू नका.

कुरणातलं गवत कापणीला आलेलं असेल, किंवा आठवड्याभरात येणार असेल, तर आजच कापा. यासारखा दुसरा उपाय नाही. थोडं कोवळं हाती येईल, पण अळीच्या पोटात जाण्यापेक्षा ते गंजीत गेलेलं बरं. कापलेलं वाळायला लागलं की अळ्या त्यातून निघून खालच्या कोवळ्या फुटव्याकडे वळतात, म्हणून चारा वेळेत उचला आणि मागे राहिलेल्या धसांवर एक नजर टाका. वैरणीत चार-दोन मेलेल्या अळ्या राहिल्या तर काळजी नको, गाईला त्या बाधत नाहीत.

कापण्याजोगं नसेल तर अळ्यांच्या पुढच्या भागात आधी गाईच सोडा. जे अळी उद्या खाणार ते गाय आज खाईल. जिवंत अळ्यांसकट गवत खाल्लं तरी गाईला काही होत नाही. फवारणीचं मात्र तसं नाही. हिरवळीसाठीचं औषध कुरणात चालतंच असं अजिबात नाही. कुरणावर वापरायच्या औषधाच्या लेबलावर दोन मुदती वेगवेगळ्या दिलेल्या असतात: फवारल्यानंतर किती दिवसांनी चारायचं आणि किती दिवसांनी कापून वैरण करायची. काहींना एकही दिवस थांबावं लागत नाही, काहींना आठवडे थांबावं लागतं. ही मुदत छापलेली नसेल तर ती बाटली कुरणात न्यायची नाही. म्हणून कुरणाचे दोन भाग करा. एक फवारा, दुसऱ्यात गाई ठेवा आणि मुदत संपली की बदला. तेवढे दिवस साठवलेल्या वैरणीवर भागत असेल तर त्याहून सोपं.

एक धोका पत्रात तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. अळीला गवत जास्त आवडतं, म्हणून ती गेल्यावर कुरणात उरतात ती तणं. गाई एरवी ज्या विषारी झाडांना तोंड लावत नाहीत, ती भुकेपोटी खातात. अळीने साफ केलेल्या कुरणात भुकेली जनावरं सोडू नका. आणि कुरणात किंवा बांधावर ज्वारी किंवा तिच्या जातीचं चारागवत असेल, तर खाल्लेल्या बुडख्यातून येणारे कोवळे फुटवे गाईंना मुळीच देऊ नका. त्या कोवळ्या पानांत सायनाइड तयार होतं आणि जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं.

हिरवळ मेली का? बहुधा नाही. हरळीसारखं पसरणारं गवत असेल, ज्याची खोडं जमिनीवरून आणि जमिनीखालून धावतात, तर अळीने त्याची पाती खाल्लीत, भांडवल खाल्लेलं नाही. पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत ते पुन्हा हिरवं होतं. थंड हवेतलं, थोंब करून वाढणारं गवत असेल तर जरा जपून, कारण अळ्या कधीकधी बुडख्यापर्यंत खातात. एक थोंब बोटांनी फाकवून बघा. बुडाशी पांढरट, टणक, ओलसर भाग असेल तर जीव आहे. तपकिरी, भुसभुशीत आणि ओढल्यावर सुटून येणारा असेल तर गेलं. पण निकाल आज लावू नका. दहा-बारा दिवस हलकं, नियमित पाणी द्या आणि मगच जिथे फुटवा आला नाही तेवढ्याच ठिकाणी नवं बी किंवा नवे गड्डे लावा. कुरणातही हेच: फुटवा वीतभर वर येईपर्यंत गाई बाहेर. युरिया आत्ता नको. नवी पाती नीट दिसू लागली की हलका हात. फार लुसलुशीत गवत पुढच्या पतंगांना आमंत्रणच असतं.

आणि पुढचे पतंग येणार आहेत. जमिनीत गेलेल्या अळीचा कोष उन्हाळी हवेत आठ-नऊ दिवसांत फुटतो, गारठ्यात वीस-तीस दिवस घेतो. गरम दिवसांत अंड्यापासून पुढच्या पतंगापर्यंतचा सगळा फेरा महिन्याभराचा आहे. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे ही जात थंडीत टिकत नाही, दरवर्षी उबदार प्रदेशातून वाऱ्यावर शेकडो किलोमीटर उडत येते. जिथे गोठत नाही तिथे ती बारा महिने घरचीच. तुमच्याकडे यातलं काहीही असलं तरी आजच्या अळ्यांची पोरं आजपासून तीन ते पाच आठवड्यांत हजेरी लावू शकतात.

त्यांना खाणारेही आहेत, जर आपण त्यांना शिल्लक ठेवलं तर. आजच्याच अळ्यांमध्ये नीट बघा. एखादी अळी पात्याच्या टोकाला चिकटून ताठ झालेली, अंगावर पांढरी बुरशी आणि मग फिकट हिरवी भुकटी आलेली दिसेल. ती बुरशी अळ्यांचाच रोग आहे, दमट हवेत ती फौजच्या फौज गारद करते. एखाद्या मरतुकड्या अळीशेजारी तांदळाच्या दाण्याहून लहान पांढरे रेशमी कोष दिसतील. त्यांतून गांधीलमाशीच्या जातीच्या इवल्याशा माशा निघतात आणि पुढच्या अळ्यांच्या अंगात अंडी घालतात. अशा अळ्या बऱ्याच दिसल्या तर फवारणीचा बेत दोन दिवस पुढे ढकला.

आता एक काम यजमानांना द्या, त्यांना काहीतरी करायची घाई आहेच. ओसरीवरचा रात्रभर जळणारा पांढरा दिवा आजपासून बंद ठेवायचा, नाहीतर पिवळा लावायचा. पतंग त्या उजेडाला येतात आणि जवळ जे सापडेल त्याच्यावर अंडी घालतात: भिंत, कुंपणाचे खांब, बागेतल्या खुर्च्यांची खालची बाजू, झाडांच्या पानांची पाठ. आत्ताही जाऊन दिव्याखालची भिंत बघा. नखाएवढे, मळकट राखाडी, बुरशी लागलेल्या कापसाच्या बोळ्यासारखे पुंजके चिकटलेले असतील तर जुनी पट्टी घेऊन ते साबणाच्या पाण्यात खरवडून टाका. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अळ्या असतात, आणि पंपाला हात न लावता त्या गेल्या. फुटून गेलेले पुंजके हलके आणि भुरभुरीत लागतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

कॅलेंडरवर आजपासून तिसऱ्या आठवड्यावर खूण करा. तिथून पुढे दर चार दिवसांनी भिंत बघायची आणि बादलीची परीक्षा करायची. त्या वेळी निघालेल्या अळ्या नखाहून लहान असल्या तर त्या संध्याकाळी बीटीचा पंप भरून ठेवा, आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत लांबी लिहा.